सतरा सीटच्या गाडीतलं क्वार्टर

गाडीत राहायचं म्हणून कुणी आमच्या शेडमध्ये आलं, की मी आधी त्याला फरशीवर झोपायला लावते. खडूने सहा फूट बाय चार फुटांचा चौकोन आखते आणि म्हणते, झोपा. लोक हसतात, पण बूट काढून झोपतात. मग म्हणते, आता कूस बदला. नवरा-बायको असतील तर दोघांनाही झोपवते. एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकाला लागलं की खरं बोलणं सुरू होतं. मोबाइलवर बघितलेल्या गाडीत कुणी कूस बदलत नाही.

माझं काम गाडीच्या आतलं. सीटा, गाद्या, पडदे, छताचं अस्तर, रेक्झिन. पत्रा, वेल्डिंग आणि वायरिंग नानांकडे. नाना म्हणजे माझे मिस्टर. बाहेरची गाडी त्यांची आणि आतली माझी, अशी आमची वाटणी लग्नापासूनची. माझे वडील धुळ्याला टांग्याच्या गाद्या भरायचे, त्यांच्याकडे मी दाभण धरायला शिकले. लग्न होऊन जळगावला आले ती भुसावळ रस्त्यावरच्या या शेडमध्येच. आधी बसच्या सीटा केल्या, मग ट्रॅव्हल्सच्या, मग अ‍ॅम्ब्युलन्सच्या. गेल्या काही वर्षांत ही राहायच्या गाड्यांची हौस आली. आता बोटं दुखतात, मशीनवर बसणं बंद केलंय. पण सल्ला विचारायला लोक येतात, आणि सल्ला द्यायला बोटं लागत नाहीत.

पहिली राहायची गाडी केली ती सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची. त्याला गाडीत टाइल्स पाहिजे होत्या, ग्रॅनाइटचा ओटा पाहिजे होता, गीझर पाहिजे होता, लोखंडी कपाट पाहिजे होतं. आम्हालाही अनुभव नव्हता. म्हणाला तसं सगळं करून दिलं. पहिल्याच फेरीला त्याचा फोन आला, "अक्का, गाडी मागे बसली आहे आणि स्टिअरिंग हातात हवेसारखं लागतंय!" वजनकाट्यावर घातली तेव्हा आमचेच डोळे पांढरे झाले. ती गाडी आता त्याच्या केळीच्या बागेत उभी आहे. तो म्हणतो, दुपारचं जेवण तिच्यात झकास होतं.

तेव्हापासून आमचे नियम ठरले. जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या आसपास. पाण्याची टाकी मध्यभागी, साठ लिटरपेक्षा मोठी नाही. ओटा प्लायचा. गॅसची टाकी वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण गॅस गळला तर तो वर जात नाही, खाली साचतो. संडासाबद्दल सगळे लाजत लाजत विचारतात. मी सांगते, झाकणाचा सुटा डबा ठेवा, पण तो अडीअडचणीला. रोजची सोय पेट्रोल पंपावर किंवा धर्मशाळेत बघा. आपल्या बायका ओट्यापासून चार फुटांवर संडास असेल तर त्या गाडीत चहासुद्धा पिणार नाहीत. आणि काहीही करायच्या आधी आरटीओकडे नकाशा घेऊन जा. सीटा काढून पलंग टाकला म्हणजे गाडी कागदावर बदलली, आणि ती कागदावर बदलल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही.

राहिला उन्हाळा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी. म्हणून आम्ही पत्र्याला आतून आधी काळी चिकट शीट लावतो, त्यावर फोम, त्यावर चंदेरी कागद, त्यावर प्लाय, त्यावर रेक्झिन. यात ऊन तर अडतंच, शिवाय बाहेरचा आवाज बंद होतो. दार लावलं की आपल्याच श्वासाचा आवाज येतो. या शांततेचा आम्हाला फार अभिमान होता. गिऱ्हाइकाला आत बसवून नाना मुद्दाम दार लावायचे आणि बाहेरून पत्र्यावर थाप मारून विचारायचे, "आलं का ऐकू?"

एवढं सगळं मला येतं. तरी एक गाडी अशी केली, की तिच्यात आम्ही नक्की काय बरोबर केलं आणि काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही.

तायडे साहेब दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. एकतीस वर्षं कॉलनीतल्या एकाच क्वार्टरमध्ये राहिले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, तसं सोडलं आणि भुसावळला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. आमच्याकडे आले ते जुनी सतरा सीटची गाडी घेऊन. एकटेच आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात वही.

मी खडूने चौकोन आखला. ते झोपले. मग उठून म्हणाले, "अक्का, माझ्या डाव्या हाताला अजून एक आखा. आणि त्याच्या पलीकडे भिंत पाहिजे. ती भिंतीकडेच झोपते."

ती म्हणजे त्यांच्या मिसेस, कौसल्याबाई.

त्यांनी वही उघडली. तिच्यात गाडीचं काहीच नव्हतं, क्वार्टरची मापं होती. दिव्याचं बटण दारातून आत आल्यावर उजव्या हाताला, जमिनीपासून चार फूट दोन इंच. पर्स अडकवायचा खुंटा बटणाच्या शेजारी. ओट्याशी उभं राहिल्यावर पाणी डाव्या हाताला, गॅस उजव्या हाताला. चहाचा डबा मधे, साखरेचा त्याच्या मागे. भिंतीचा रंग पिस्ता.

"साहेब, पिस्ता रंग रेक्झिनमध्ये मिळणार नाही," मी म्हटलं. "क्रीम छान दिसेल."

"पिस्ताच बघा."

"फिरायला कुठे जाणार? त्या हिशोबाने सामानाची जागा ठरवते."

त्यांनी वहीचं पान उलटलं. "ते काही ठरलं नाही," म्हणाले.

माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. लोक गाडी करायला येतात तेव्हा त्यांच्या तोंडी ठिकाणांची नावं असतात. कुणाला कोकणात जायचं असतं, कुणाला राजस्थानात. या माणसाला कुठेच जायचं नव्हतं, आणि साखरेचा डबा कुठे पाहिजे ते इंचात माहीत होतं. मला वाटलं, बाई हट्टी असणार. घरात हिची वाटी हलली तरी नवऱ्याला बोलत असणार. "एकदा मॅडमना घेऊन या," असं मी तीन-चारदा सांगितलं. ते दर वेळी हो म्हणायचे आणि एकटेच यायचे.

मग मी माझ्या अकलेने सुधारणा केल्या. ते म्हणत होते त्या जागी गॅस ठेवला असता तर तो पलंगाजवळ आला असता, म्हणून मी गॅस दाराकडे, डावीकडे घेतला आणि पाणी उजवीकडे. हवेच्या दृष्टीने तेच बरोबर होतं. वर एक भेट म्हणून कपाटाच्या दाराला उंच आरसा लावला. आरशाने लहान जागा मोठी दिसते, हे मी बसच्या केबिनपासून करत आलेय. पिस्ता रेक्झिन मात्र धुळ्याहून शोधून आणलं होतं.

गाडी बघायला ते अखेर कौसल्याबाईंना घेऊन आले. दुपारची वेळ होती. बाई एकदम नीटनेटक्या, साडीला पिन, अंबाडा, हातात पर्स. हट्टी वगैरे काही दिसत नव्हत्या. मला नमस्कार केला आणि पायरीवर चप्पल काढून आत चढल्या. उजवा हात वर गेला, बटण दाबलं. पर्स खुंट्याला अडकवली. मी मनात म्हटलं, चला, पसंत पडली.

त्या ओट्याशी गेल्या. पातेलं घेतलं आणि बघितल्याशिवाय डावीकडे धरलं. डावीकडे पाणी नव्हतं, शेगडी होती. त्या पातेलं धरून तशाच उभ्या राहिल्या, शाळेत उत्तर न आल्यासारख्या. मग वळल्या आणि त्यांना आरसा दिसला.

"अहो, या बाई कधीच्या उभ्या आहेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बसायला नाही सांगितलं?" आणि आरशाकडे बघून, "बसा ना. चहा टाकते."

आरशातली बाई बसली नाही. कौसल्याबाईंनी पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग त्यांचा आवाज चढला. "बोलत का नाही? माझ्या घरात येऊन बोलत का नाही?" त्यांनी पातेलं छातीशी धरलं. तायडे साहेबांनी भराभरा अंगातला शर्ट काढला आणि आरशावर टाकला. बनियनवर उभे राहून बायकोला म्हणाले, "गेल्या त्या. घाईत होत्या."

मग ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून हे चाललंय. आधी नावं विसरायला लागल्या, मग दिवस. फ्लॅटमध्ये आल्यापासून रोज दुपारी पर्स घेऊन दाराशी उभ्या राहतात, चला, घरी जाऊ. घर म्हणजे दीपनगर. एकदा साहेबांची नजर चुकवून रिक्षाने तिथे पोहोचल्या, जुन्या क्वार्टरमध्ये शिरल्या आणि चहा करायला लागल्या. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. माणसं भली होती, त्यांनी चहा पिऊन घेतला आणि साहेबांना फोन केला. "पण रोज कोण पिणार?" ते म्हणाले. "मला वाटलं, तिला क्वार्टरमध्ये नेता येत नाही तर क्वार्टर तिच्याकडे आणावं. फ्लॅटच तसा केला असता, पण घरमालक भिंती रंगवू देतात, ओटा फोडू देत नाहीत. गाडी आपली असते."

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं की लोक तिच्याशी मोठ्याने बोलायला लागतात."

इतकी वर्षं मी लोकांच्या बुडाला काय टोचतंय हे न विचारता ओळखत आलेय, आणि वहीत इंचाइंचाने लिहिलेलं मला वाचता आलं नव्हतं. आरसा त्याच संध्याकाळी काढला. ओटा पूर्ण उखडला. गॅस उजवीकडे घेतला, आणि हवेसाठी नानांनी त्या बाजूला खिडकी कापली. आधीच कापता आली असती. मला माझंच बरोबर वाटत होतं, म्हणून कापली नव्हती.

काम चालू असताना तायडे साहेब कौसल्याबाईंना रोज घेऊन यायला लागले. त्यांना माझ्या मशीनजवळ बसवायचे. त्या पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या. साहेब रावेरकडचे, त्यांची बोली वेगळी, कॉलनीत सगळ्या जिल्ह्यांची माणसं, त्यामुळे घरात बोलणं शाळेच्या पुस्तकातलं. पण माझ्या तोंडून एकदा नानांना उद्देशून अहिराणी निघाली आणि बाईंनी मान वर केली.

"तू कोठली शेस?" मला विचारलं.

"धुळानी," मी म्हटलं.

त्यानंतर त्या माझ्याशी अहिराणीतच बोलायच्या, आणि मला सुशी म्हणायच्या. सुशी ही त्यांची धाकटी बहीण, वारून बरीच वर्षं झाली. पहिले दोन दिवस मी म्हणत राहिले, मी सुशी नाही हो. दर वेळी त्यांचा चेहरा पडायचा, जणू त्यांना पहिल्यांदाच कळतंय. तिसऱ्या दिवशी मी ओ दिली. ते बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. एका बाईला रोज सुतक सांगायचं की तिच्याशी खोटं बोलायचं, यातलं कमी वाईट काय, हे ठरवायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी त्यांना जुन्या सीटची कव्हरं उसवायला द्यायची. त्या एकेक टाका मन लावून काढायच्या. मधेच हात थांबायचा. "सुशी, माले घर जानं शे."

"जाऊत. हाई बठ्ठं उसवी ले, मंग जाऊत," मी म्हणायची. हे सगळं उसवून घे, मग जाऊ. त्या पुन्हा उसवायला लागायच्या.

गाडी तयार झाल्यावर साहेब म्हणाले, दुपारी इथेच झोपवून बघतो. बाई आत गेल्या. पाणी डावीकडे सापडलं. चहा केला, साखर बरोबर पडली. भिंतीकडच्या बाजूला आडव्या झाल्या. साहेबांनी दार लावलं. नाना माझ्याकडे बघून हसले, आता बघ कशी गाढ झोप लागते.

दहा मिनिटांत दार उघडलं. बाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. "आवाज बंद झाला! अहो, प्लँट बंद पडला का? तुम्ही इथे काय करताय?"

साहेब पायरीवर मटकन बसले. "अरे देवा," म्हणाले, "आवाज!"

आम्हाला काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं. वीजकेंद्राच्या कॉलनीत चोवीस तास एक घरघर चालू असते. नवीन माणसाला ती ऐकू येते, राहणाऱ्याला येत नाही. मात्र ती थांबली की झोपलेलं माणूस जागं होतं, कारण यंत्र बंद पडलं म्हणजे ड्यूटीवर गेलेला घरातला माणूस आता लवकर घरी येत नाही. "दोन वर्षं मी डॉक्टर बदलतोय," ते म्हणाले, "आणि फ्लॅटमध्ये तो आवाज नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी सगळं मोजलं, अक्का. आवाज मोजला नाही."

मग म्हणाले, "ती काळी शीट काढून टाका."

नाना चिडलेच. शीट काढली तर मेमध्ये गाडी भट्टी होईल, आणि आत येईल तो ट्रकचा आवाज, प्लँटचा नाही. दोघांची बरीच वादावादी झाली. शेवटी नानाच भंगारातून एका मोडक्या कारच्या एसीचा पंखा घेऊन आले. त्याचं बेअरिंग गेलेलं होतं. जन्मभर गाडीतला खडखडाट शोधून बंद करणारा माणूस पलंगाखाली पोटावर पडून पंखा कसा घरघरेल ते बघत होता. तायडे साहेब वर डोळे मिटून बसलेले.

"आवाज अजून जाड पाहिजे."

नानांनी पंख्याखालचं रबर काढलं.

"आता जास्त झाला. हा टर्बाइनजवळचा. घरात एवढा येत नव्हता."

नानांनी पंख्याभोवती प्लायची पेटी केली, तिला आतून माझा फोम लावला, एक बाजू उघडी ठेवली. तीन दुपारी हे चाललं. तिसऱ्या दुपारी साहेब काही बोललेच नाहीत. नानांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "काय?" साहेबांनी नुसती मान हलवली. कौसल्याबाई त्या दिवशी पाच वाजेपर्यंत झोपल्या.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी मीनल नाशिकहून आली. बँकेत नोकरीला आहे. ती सरळ माझ्याकडे आली.

"अक्का, तुम्ही बाईमाणूस. तुम्ही तरी बाबांना समजावायचं होतं. आईला दाराबाहेर सोडायची भीती, आणि तुम्ही तिला दाराबाहेरच राहायला पाठवताय? कुठे उतरून चालायला लागली, हायवेवर गेली तर? बाबांना काही झालं तर ती कुणाला सांगणार?"

मी म्हटलं, "त्या इथे झोपल्या. पाच वाजेपर्यंत."

"एक दिवस! तुमचं काय जातंय, तुमची गाडी तयार झाली."

ती रडत होती, आणि ती म्हणत होती त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पलीकडे तायडे साहेब कौसल्याबाईंचे डबे गाडीत लावत होते, तेही मला चुकीचे वाटत नव्हते. मी नानांना विचारलं, काय करायचं? नाना म्हणाले, "गाडी त्यांची आहे. किल्ली द्यायची." मला तेवढ्याने भागेना. मी गाडी अजून दोन दिवस ठेवून घेतली. दाराला वरच्या बाजूला, हात लागेल पण नजर जाणार नाही असा बोल्ट बसवून घेतला. दार उघडलं की वाजेल अशी घंटी लावली. आणि मीनलच्या हाताने बाईंचे सगळे परकर मागवले. प्रत्येकाच्या नेफ्याला आतून, जाड दोऱ्याने, साहेबांचा आणि मीनलचा फोन नंबर शिवला. मीनल शेजारी बसून आकडे सांगत होती. रडणं थांबलं होतं, पण निघताना ती माझ्याशी बोलली नाही.

पुढचे काही महिने अधूनमधून साहेबांचा फोन यायचा. कधी पारोळ्याकडे बाईंच्या माहेरच्या गावी होते, कधी एखाद्या पंपाच्या आवारात. पंपवाल्याला आधी विचारून, दिवस मावळायच्या आत जागा धरायची, हे मी सांगितलं होतं ते पाळायचे. मग बरेच दिवस नाशिकला, मीनलच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. मीनल ऑफिसमधून आल्यावर वर न जाता आधी गाडीत जाऊन आईच्या हातचा चहा प्यायची. एकदा तिनेच फोन केला. "तुम्हाला ओरडले होते," म्हणाली. "अजून मला पटलंय असं नाही. पण आई माझ्या फ्लॅटमध्ये दोन तास बसत नाही आणि गाडीत बसते." मग म्हणाली, "मला काही कळत नाही, अक्का." मी म्हटलं, मलाही नाही.

थंडीत ते पडदे बदलायला शेडवर आले. बाई जरा बारीक झाल्या होत्या. मला ओळखलं नाही, पण बसायला सांगितलं. आम्ही तिघं गाडीत चहा प्यायलो. खाली पंखा घरघरत होता, भिंत पिस्ता होती, साखर चहाच्या डब्यामागे होती. सगळं वहीत होतं तसं. मला मनातून बरं वाटत होतं.

बाईंनी कप धुऊन पालथे घातले, पर्स घेतली आणि नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "चला, घरी जाऊ."

म्हणजे तीन महिन्यांचं आमचं काम, तो उखडलेला ओटा, तो पंखा, कशाचाच उपयोग नव्हता? मी साहेबांकडे बघितलं. ते शांतपणे उठले. "चल," म्हणाले, "अंधार पडायच्या आत पोहोचू. अक्का, तुम्हीही बसा."

बाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. मी मागे. गाडी निघाली. भुसावळच्या दिशेने चार-पाच मैल गेलो, केळीच्या बागा लागल्या. बाई खिडकीतून बघत होत्या, कुठल्या तरी झाडाकडे बोट दाखवत होत्या. एका फाट्यावर साहेबांनी गाडी वळवली आणि आलो त्याच रस्त्याने परत आणली. आमच्या शेडसमोर, होती त्याच जागी उभी केली. ते उतरले, बाईंना हात धरून उतरवलं आणि बाजूचं दार उघडलं.

"आलं घर."

बाईंनी चप्पल काढली, आत चढल्या आणि मोठा श्वास सोडला. "आलो बाई एकदाचे."

साहेब मला हळूच म्हणाले, "रोज एकदा. कधी दोनदा. फ्लॅटमध्ये ती म्हणायची, घरी चला, आणि मी म्हणायचो, हेच घर. त्यावर भांडण. आता ती चला म्हणते आणि मी नेतो."

"खोटं वाटत नाही?" मी विचारलं.

"आधी वाटायचं." त्यांनी चाकाला पायाने ठोकून बघितलं. "आता मला सांगता येत नाही. निघतो तेव्हा मलाही वाटतं, कुठे तरी जातोय. परत आलो की मलाही बरं वाटतं."

मी शेडकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्या दारातून आत-बाहेर केलं ते दार, वर नानांनी रंगवलेली पाटी, बाहेर ठेवलेल्या बसच्या सीटा. सगळं ओळखीचं होतं, आणि तरी आत्ताच लांबून कुठून तरी आल्यासारखं मला ते क्षणभर परकं दिसलं. इतकी मापं घेतली आणि गाडीला चाकं असतात हे माझ्या किंवा नानांच्या, दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. साहेबांच्या लक्षात तरी कधी आलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

शेडमधून नाना हाक मारत होते, जेवायचं नाही का म्हणून. कौसल्याबाई गाडीच्या दारात आल्या. माझ्याकडे निरखून बघितलं.

"बाहेर काब उभी शेस?" म्हणाल्या. "मझार ये ना."

मी नानांना हाताने थांबा म्हटलं, चप्पल काढली आणि आत गेले.